दर पावसाळ्यात घोडशीर का धरायची आणि ते कसं थांबलं

आधी तक्रार सांगतो, म्हणजे तुमचंही हेच आहे का ते कळेल.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या मागे, हाडापासून तीन-चार बोटं वर, दोरीला पीळ दिल्यासारखं ताठ. बाथरूमपर्यंतची पहिली दहा-बारा पावलं भिंतीला हात लावत टाकायची. दारातली दुधाची पिशवी आत आणेपर्यंत जरा सुटतं, चहा उकळेपर्यंत विसरायला होतं. पळायला गेलं की पहिला किलोमीटर बोचतं, अंग तापलं की नाहीसं होतं, आणि माणूस खूश होऊन ठरवल्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त पळून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भिंत. शीर चिमटीत धरून दाबली तर एका ठिकाणी हुळहुळते आणि दुसऱ्या पायापेक्षा जाड लागते.

जुनी माणसं हिला घोडशीर म्हणतात. डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, पळणाऱ्यांमध्ये नुसतं 'अकिलीस' चालतं. शीर म्हटल्यामुळे एक घोळ मात्र होतो. लोकांना ती रक्ताची नस वाटते आणि ते तेल लावून चोळायला घेतात. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा हा जाड दोर आहे, चोळून त्यातलं काही मोकळं होत नाही. जोरात रगडलं तर दुसऱ्या दिवशी जास्तच ठणकतो. मी केलंय.

माझं दुखणं तीन वर्षं ओळीने पावसाळ्यातच आलं. पावसाळ्याच्या शेवटी सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते, निम्मा रस्ता यवतेश्वरच्या घाटाचा चढ आणि निम्मा उतार. तिच्यासाठी जूनपासून पुण्यात टेकडीचे चढ वाढवायचे, जुलैच्या मध्यावर डावी टाच धरायची. मग तीन आठवडे पूर्ण विश्रांती, बर्फ, मलम, दुखण्यावरच्या गोळ्या. दुखणं जायचं. पुन्हा पळायला लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परत हजर. पहिल्या वर्षी बुटांवर खापर फोडलं, दुसऱ्या वर्षी वयावर. तिसऱ्या वर्षी कुणावर फोडायचं ते सुचेना, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेलो.

आधी दुखणं हेच आहे ना ते बघा

इथे घाई करू नका. पळताना किंवा बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारली असं वाटलं, फाटकन आवाज आला, वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही, असं घडलं असेल तर पुढचं वाचू नका, शीर तुटलेली असू शकते. घरी बघायचं तर पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर लोंबकळू द्यायची आणि दुसऱ्या कुणाला तरी पोटरी हाताने दाबायला सांगायची. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं, चवड्यावर उभं राहताना वळतं तसं. नाही हललं तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ. हललं पण शंका उरली, तरीही त्याच दिवशी. चालता येतंय म्हणून तुटलेली नाही, असं अजिबात नाही. इतर स्नायूंच्या जोरावर माणूस लंगडत घरी येतो.

पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते, आणि हे लांबच्या प्रवासानंतर किंवा एखाद्या ऑपरेशननंतर सुरू झालंय, तर रक्ताची गुठळी आधी वगळायला हवी. दोन्ही टाचा एकदम धरल्यात, सकाळचा ताठरपणा अर्धा तास जात नाही, कंबरही पहाटे आखडते किंवा अंगावर सोरायसिस आहे, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. हे दुखणं पळण्याचं नसतं आणि पुढे लिहिलेल्या व्यायामाने हटत नाही. शिरेवर दोन्हीकडे टणक गाठी असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या, काही घराण्यांत ते शिरेतच साठतं.

एक मुद्दा आपल्याकडे पावसाळ्यात खास लागू पडतो. जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणायची आणि गप्प घ्यायची, ही सर्रास सवय आहे. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही एकाच गटातली प्रतिजैविकं. या गटाने टेंडन दुखावू शकतं, क्वचित तुटूही शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. असं औषध चालू असताना किंवा नुकतंच झाल्यावर टाच धरली तर ज्यांनी ते दिलं त्या डॉक्टरांना लगेच सांगा. आपलं आपण घेतलं असेल तर आता तरी डॉक्टरांकडे जा.

यातलं काही नाही, आणि दुखतंय ते हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर? मग पुढचं तुमच्यासाठी. अगदी हाडाशीच दुखत असेल तर त्याचा वेगळा भाग खाली आहे, तो वाचल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका.

विश्रांतीनंतर परत का येतं

फिजिओ माझ्या भाच्याच्या वयाची मुलगी. त्या दिवशी मला काडीचंही दुखत नव्हतं, विश्रांतीचा तिसरा आठवडा संपला होता. ती म्हणाली, "काका, भिंतीला फक्त बोटं लावा, एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ. टाच पूर्ण उचला, खाली आणा. जमतील तितक्या वेळा."

उजवा पाय, सत्तावीस. डावा पाय, चौदा. पंधराव्याला टाच अर्धीच उचलली गेली आणि पोटरी थरथरायला लागली.

"दुखलं का?"

"नाही."

"मग थांबलात का?"

"उचलेच ना."

तिने वहीत २७ आणि १४ लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. तीन वर्षांत कुणीही मला एका पायावर उभं केलं नव्हतं. मी स्वतःही नाही. मी फक्त 'दुखतंय का' एवढंच विचारत होतो, आणि विश्रांतीने त्याचं उत्तर दरवेळी 'नाही' येत होतं.

स्वीडनमधल्या कारिन सिल्बरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. वर्षभराच्या उपचारानंतर ज्यांचं दुखणं पूर्ण गेलं होतं अशा १६ जणांच्या उड्या, टाच उचलण्याची ताकद आणि दम तपासला. दोन्ही पाय बरोबरीला आलेले निघाले फक्त चार. बाकीच्या बारा जणांना स्वतःला बरं वाटत होतं, पाय मात्र अर्धवट होता. हे तर व्यायाम केलेले लोक. माझ्यासारखा नुसता सोफ्यावर बसून बरा झालेला माणूस कुठे असेल याचा अंदाज करा. शीर शांत होते, पण पोटरी त्या तीन आठवड्यांत आणखी वाळते, आणि मग तिच्यावर पुन्हा जुलैचाच चढ टाकायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. स्नायू दुखला की तिथल्या तिथे कळतं. टेंडन उशिरा बोलतं. आज चढ पळालात तर आज ते गप्प असतं, उद्या सकाळी किंवा परवा हिशेब देतं. त्यामुळे आपण दोष नेहमी चुकीच्या दिवसाला देतो. मला कित्येक महिने वाटायचं की गुरुवारची हळू धाव मला सोसत नाही. खरा दोषी मंगळवारचा टेकडीवरचा वेगाचा सराव होता. हे कळलं कालनिर्णयमुळे. रोज सकाळी पहिली दहा पावलं किती दुखली, त्याचा शून्य ते दहातला आकडा त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायला लागलो, तिथीच्या खाली. पाच आठवड्यांनी पान उलटून पाहिलं तर बुधवार आणि गुरुवारच्या चौकटींत चार-पाच आणि इतरत्र एक-दोन. एवढं सरळ दिसत होतं की लाज वाटली.

टेंडनची चाल मुळातच संथ. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ ते १९६३ या काळात अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरला. त्या काळात ज्या ऊती शरीरात बनल्या त्यांत तो कार्बन जसा होता तसा नोंदला गेला. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या मृत व्यक्तींच्या घोडशिरा तपासल्यावर दिसलं की शिरेचा गाभा उंची वाढण्याच्या वयात, साधारण सतरापर्यंत बनतो आणि त्यानंतर जवळपास बदलत नाही. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र सतत नवं-जुनं चाललेलं. म्हणजे चव्वेचाळीसाव्या वर्षी मी पळतोय तो दोर मी कॉलेजात असताना विणून झालेला. तो तीन आठवड्यांत नवा होईल ही अपेक्षाच चुकीची होती.

सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या अहवालात 'टेंडिनोसिस' (शिरेची झीज), 'पार्शल टेअर' (अर्धवट फाटणं) असले शब्द वाचून घाबरणारे बरेच भेटतात. न दुखणाऱ्या शिरांमध्येही असे बदल सापडतात. मेलबर्नच्या जिल कूक या विषयातलं मोठं नाव. २००९ मध्ये क्रेग पर्डम यांच्यासोबत त्यांनी टेंडनच्या बिघाडाचे टप्पे मांडले. बिघडलेल्या भागाबद्दल त्या डोनटची उपमा देतात, आपण मेदूवडा म्हणू. मधलं भोक भरून येण्याची वाट बघत बसायचं नाही, भोवतीचा वडा चांगला जाड आणि मजबूत आहे ना ते बघायचं. जाड झालेली शीर बरेचदा चांगला वडा वाढवूनच भोकाची भरपाई करत असते. माझी अजून जाड आहे आणि मी तिच्याकडे बघणं सोडलंय.

जिन्यावरचा व्यायाम

या उपचाराच्या जन्माची गोष्ट मजेदार आहे. स्वीडनच्या उत्तरेला उमिओ इथले अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांची स्वतःची घोडशीर धरलेली होती. ते सांगतात की वरिष्ठांकडे ऑपरेशन मागितलं तर नकार मिळाला. मग त्यांनी ठरवलं की शिरेला इतकं छळायचं की ती बिघडेलच आणि ऑपरेशन करावंच लागेल. जिन्याच्या पायरीवरून टाच खाली सोडण्याचा व्यायाम रोज, दुखत असताना, वजन वाढवत. शीर बिघडण्याऐवजी सुधारली. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवर बारा आठवड्यांचा हाच कार्यक्रम करून पाहिला आणि पंधराही जण आपल्या आधीच्या पळण्यावर परतले. छोटा अभ्यास, पण त्याने या दुखण्याकडे बघायची रीत पालटली.

कार्यक्रम असा. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं. चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा, टाच हळूहळू पायरीच्या खालीपर्यंत सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, गुडघा वाकवून पंधराचे तीन. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस. दिवसाला १८० वेळा. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक, सॅकमध्ये वजन.

मी हे नऊ दिवस केलं. शेजारचे आजोबा दोनदा विचारून गेले, "लिफ्ट बंद आहे का हो?" बायको म्हणाली, जिन्यावरच गादी टाकून देते. दहाव्या दिवशी कंटाळलो आणि ही शरमेची गोष्ट नाही, कारण हा कार्यक्रम बऱ्याच जणांचा याच कारणाने सुटतो. २०१४ च्या एका अभ्यासात काहींना ठरलेले १८० करायला लावले आणि काहींना सोसेल तितकेच. सहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले.

मला मार्गी लावलं ते कोपनहेगनच्या २०१५ च्या अभ्यासाने. त्यांनी आल्फ्रेडसनच्या पद्धतीची तुलना जड आणि संथ व्यायामाशी केली. जिममध्ये, आठवड्यातून तीनच दिवस, तीन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली. सुधारणा दोन्हींकडे चांगली आणि जवळपास सारखी. फरक वेळेत. पहिल्या पद्धतीला आठवड्याला ३०८ मिनिटं, दुसरीला १०७. नोकरी करणाऱ्या माणसाला यापुढे वेगळं काही सांगायची गरज नाही.

त्यात भार असा चढवायचा: पहिल्या आठवड्यात पंधराच जमतील असं वजन, तीन संच. मग दोन आठवडे बाराचं वजन. पुढचे दोन आठवडे दहाचे चार संच, त्यापुढचे तीन आठवडे आठाचे, आणि नवव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत सहाचे चार. सहाचं वजन म्हणजे सातवा निघूच नये इतकं. इथेच बहुतेक लोक चुकतात. रिकाम्या हाताने गप्पा मारत तीस-चाळीस टाचा उचलतात आणि म्हणतात, केलं की रोज. पळताना या शिरेवर आपल्या वजनाच्या कित्येक पट ओढ पडते. तिला हलक्या व्यायामाची जाणीवही होत नाही.

सोमवार, बुधवार, शनिवार जिममध्ये जायला लागलो. उभं राहून स्मिथ मशीनवर (रुळांत वर-खाली सरकणारी वजनाची दांडी), लेग प्रेसवर (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन) गुडघा सरळ ठेवून, आणि बसून टाच उचलायच्या मशीनवर गुडघा वाकवून. ते बसायचं मशीन कोपऱ्यात टॉवेल वाळत घालायला वापरत होते. गुडघा वाकवून केलेला व्यायाम टाळू नका. पोटरीत खालच्या थरातला चपटा स्नायू, सोलियस, पळताना फार मोठा भार उचलतो आणि त्याला खास काम गुडघा वाकल्यावरच मिळतं. घरी करायचं असेल तर जिन्यावर एका पायावर, पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलोची पिठाची पिशवी, नंतर दोन. बसून करताना गुडघ्याच्या जरा मागे मांडीवर तांदळाची दहा किलोची पिशवी. काही आठवड्यांनी घरातलं धान्य कमी पडतं, तेव्हा जिम गाठा.

पळणं बंद करायचं का

बहुतेकांना नाही. २००७ मध्येच सिल्बरनागेल यांच्या गटाने ३८ जणांना सारखाच व्यायाम दिला. अर्ध्यांना पहिले सहा आठवडे पळणं-उड्या बंद, अर्ध्यांना चालू ठेवायची मुभा, पण दुखण्याचा मापदंड पाळून. दोन्ही गट सुधारले, पळणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. मापदंड सोपा आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं हवं, आणि सकाळचा ताठरपणा आठवड्यागणिक वाढता नको.

मी स्वतःसाठी पाचाचा तीन केला. चाळिशीतला माणूस पळताना स्वतःशी खोटं बोलतो, त्याचा पाच प्रत्यक्षात सात असतो. आणि निर्णय पळतानाच्या आकड्यावर सोडलाच नाही, कालनिर्णयमधल्या सकाळच्या आकड्यावर सोडला. दोनपर्यंत असेल तर ठरलेली धाव. तीन-चार असेल तर सपाटीवर, हळू, अर्धी. त्यापुढे असेल तर सायकल. पूर्ण सुट्टी मात्र नाही, जड व्यायामाचा दिवस असेल तर तो वजन कमी करून का होईना, करायचाच.

परतताना लोक अंतर मोजतात आणि वेग विसरतात. शिरेला दहा किलोमीटरची रमतगमत धाव एक वेळ चालते, पण ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, चढावरचा जोर आणि उड्या जास्त लागतात. म्हणून आधी सपाटीवरचं अंतर, मग चढ, वेग सगळ्यात शेवटी. जोराच्या दोन दिवसांत किमान दोन-तीन दिवसांचं अंतर. मंगळवारी टेकडी आणि गुरुवारी ट्रॅक हा पुण्यातल्या गटांचा आवडता बेत या दुखण्याला पोसायला उत्तम आहे.

हाडाशीच दुखत असेल तर

टाचेच्या हाडावर जिथे शीर चिकटते तिथे दुखत असेल, बुटाची मागची कड टोचत असेल, तर पायरीखाली टाच सोडू नका. पाऊल वर वळलं की शीर हाडावर दाबली जाते आणि तो दाबच तिथला त्रास वाढवतो. उमिओच्याच लोकांनी पायरीचा मूळ व्यायाम अशा रुग्णांवर केला तेव्हा जेमतेम एक तृतीयांश समाधानी होते. टाच जमिनीच्या पातळीवरच थांबवली तेव्हा दोन तृतीयांश. तेव्हा सपाट फरशीवर करा, वजन तेच.

यातूनच आपल्या घरातले तीन शत्रू कळतात. भारतीय बैठकीचा संडास, त्यात पाऊल जितकं वळू शकतं तितकं वळतं. सूर्यनमस्कारातलं पर्वतासन, टाचा जमिनीला लावायच्या हट्टाने केलेलं. आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, ज्याचा सल्ला सोसायटीतला प्रत्येक माणूस देतो. हाडाशी दुखणाऱ्याने तीन महिने या तिन्हींत सूट घ्यावी. पर्वतासनात गुडघे वाकवा, टाचा वर राहू द्या.

टाचेखाली उंची देण्याबद्दल मला आधी नाक मुरडायची सवय होती. २०२१ मध्ये मेलबर्नमध्ये १०० जणांवर झालेल्या चाचणीत, तीही शिरेच्या मधल्या भागात दुखणाऱ्यांवर, बुटात साधे टाच उंच करणारे तुकडे घालणाऱ्यांना बारा आठवड्यांनी पायरीच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडलेला निघाला. म्हणून ते वापरतो, पण व्यायामाच्या जोडीला, कारण तुकड्यांनी चौदाचे सत्तावीस होत नाहीत. अडचण अशी की आपण निम्मा दिवस घरात अनवाणी. मी जाड टाचेची चप्पल घरात घालायला लागलो तर आई म्हणाली, "देवघरापर्यंत चपला? पाय दुखतोय की डोकं?" तडजोड म्हणून देवघराच्या खोलीबाहेर चपला काढतो. सपाट कोल्हापुरी मात्र लग्नापुरती.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात

स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव, टोचून घेण्याची बरीच चलती आहे आणि ते स्वस्त नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली ५४ जणांवर ते मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिलं, व्यायाम दोन्ही गटांना दिलेला. फरक नाही. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये २४० जणांवर लुटुपुटूच्या इंजेक्शनशी ताडलं. तरीही फरक नाही. पैसे तुमचे आहेत. गुडघ्याखालच्या टेंडनवर न हलता ४५ सेकंद भार धरून ठेवण्याच्या व्यायामाने लगेच आराम मिळतो असं २०१५ मध्ये मोजक्या व्हॉलीबॉल खेळाडूंवर दिसलं होतं, घोडशिरेवर तो परिणाम पुढे नीट दिसला नाही. स्पर्धेच्या सकाळी करून बघायला हरकत नाही, त्याने बरं होण्याची आशा नको.

सगळं करूनही अडलं तर

आधी वजन बघा. आठवा आठवडा आहे आणि पहिल्याच आठवड्याचं वजन उचलताय? बहुधा हेच. मग बघा की टाच दोन्ही पायांची सारख्या उंचीवर जाते का. भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली की फसवता येत नाही, मी दोन आठवडे अर्धीच उचलत होतो. मग झोप आणि साखर. मधुमेहात टेंडन जास्त चिवट वागतं, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) माहीत नसेल तर करून घ्या. बारा आठवडे प्रामाणिक भार टाकून काहीच हललं नाही तर पुन्हा वरचा पहिला भाग वाचा आणि निदान पुन्हा तपासून घ्या.

आणि दुखणं गेल्यावर व्यायाम थांबवू नका. मी चौथ्या महिन्यात थांबवला होता. दिवाळीत फराळाच्या गडबडीत तीन आठवडे बुडाले, डिसेंबरात मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी लांब धावा सुरू केल्या, आणि नाताळच्या आसपास कालनिर्णयवर पुन्हा तीन, चार. या वेळी घाबरलो नाही, विश्रांतीही घेतली नाही. अंतर निम्मं केलं, शनिवारची जड बैठक परत आणली, सतरा दिवसांत आकडा एकवर आला. मुंबईत पेडर रोडचा चढ चालत काढला. बाजूने लोक ओरडत होते, "काका, पळा की!" मी हात केला आणि चालत राहिलो.

आता आठवड्यातून दोनदा जड व्यायाम कायमचा, पावसाळा असो की नसो. महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंतीला बोटं लावून मोजणी, रेघेपर्यंत गेलेलीच धरायची. या रविवारी उजवा सव्वीस, डावा तेवीस. जूनला अजून सात आठवडे आहेत.